डिजिटल कायद्याची पुस्तकं वाचायला सुरुवात कुठून करावी?

हा लेख वकिलांसाठी नाही. ज्यांना आजोबांच्या कवितासंग्रहाचं ई-बुक काढायचंय, ज्यांच्या यूट्यूब चॅनलवर कुणीतरी कॉपीराइटचा दावा ठोकलाय, जे शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुस्तकाची पीडीएफ टाकायला कचरतात, किंवा आधार क्रमांक मागणाऱ्या प्रत्येक खिडकीपुढे ज्यांना नेमका हक्क काय ते कळत नाही, त्यांच्यासाठी आहे. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल.

इंटरनेट, बौद्धिक संपदा आणि धोरण या विषयावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अतिशय सुंदर पुस्तकं लिहिली गेली आहेत. अडचण एवढीच, की त्यातली बहुतेक अमेरिकी प्राध्यापकांनी अमेरिकी कायद्याबद्दल लिहिलेली आहेत. नवा वाचक ती वाचतो, भारावतो आणि मग पुण्यातल्या किंवा पणजीतल्या भांडणात अमेरिकेतला हक्क सांगू लागतो. म्हणून कोणतंही पुस्तक उघडण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: ते कोणत्या देशाच्या कायद्यावर आहे आणि कोणत्या साली लिहिलंय. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सवयीवर उभ्या आहेत.

पायरी १ : विषय नको, प्रश्न घ्या

'मला सायबर कायदा शिकायचाय' असं म्हणून बसलात तर चाळीस पानांत झोप येईल. त्यापेक्षा स्वतःचा एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 'माझ्या वडिलांनी १९८५ साली प्रकाशकाशी केलेल्या करारात ऑडिओबुक येतं का?' असा ठोस प्रश्न हवा. प्रश्न ठोस असला की कायद्यातलं नेमकं कलम सापडतं, कलमावरून निकाल सापडतो आणि निकाल वाचला की कोणतं पुस्तक आपल्याला हवंय ते कळतं. क्रम हाच ठेवा: प्रश्न, कलम, निकाल, पुस्तक. पुस्तक शेवटी आलं म्हणून त्याचं महत्त्व कमी होत नाही. उलट तोवर तुमच्याकडे पुस्तकाला विचारण्यासारखं काहीतरी असतं.

पायरी २ : बेअर ॲक्ट शेजारी ठेवा

बेअर ॲक्ट म्हणजे कोणत्याही भाष्याशिवाय छापलेला कायद्याचा मूळ मजकूर. कोर्टाच्या आसपासच्या दुकानांत छोट्या पुस्तिका मिळतात. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर सगळे केंद्रीय कायदे फुकट आहेत. सुरुवातीला दोनच घ्या : कॉपीराइट अधिनियम, १९५७ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००.

कॉपीराइटचा कायदा पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत वाचू नका. आधी कलम १३ आणि १४ : हक्क कशावर मिळतो आणि हक्क म्हणजे काय काय करण्याची मुभा. कलम १४ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक साधनाने कोणत्याही माध्यमात साठवणे' हेसुद्धा पुनर्निर्मितीतच धरलंय, त्याखाली रेघ मारून ठेवा. मग कलम १७ : पहिला मालक कोण. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क सहसा नोकरी देणाऱ्याचाच असतो, हे अनेक जाहिरात लेखकांना उशिरा कळतं. हक्क मिळवण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, हेही इथेच मनात पक्कं करा.

लेखकांनी आणि लेखकांच्या वारसांनी कलम १८ आणि १९ दोनदा वाचावीत, एवढी ती कामाची आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असं मानलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. हक्क घेतलेल्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नमूद नसल्यास ते हस्तांतरण संपलं असं धरतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीने एक मोठी गोष्ट आणली : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असं म्हणता येत नाही. मराठी ऑडिओबुकांचा बाजार गेल्या काही वर्षांत उभा राहिला, त्यामुळे ही ओळ घराघरांतल्या जुन्या करारांना लागू पडू शकते. दुरुस्तीच्या आधीच्या करारांचं काय, हा प्रश्न मात्र वकिलालाच विचारा. तो बारीक आहे.

मग मुदत. कलम २२ प्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. हा हिशेब स्वतः करून पाहा. साने गुरुजी गेले ११ जून १९५० ला. १ जानेवारी १९५१ पासून साठ वर्षं मोजली, की २०१० चा शेवट. म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं सर्वांची झाली. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०३० ला मोकळी होतील. आता थोडा अवघड हिशेब. डॉ. आंबेडकरांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं, पण त्यांचा बुद्ध आणि धम्मावरचा इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथाला कलम २४ लागतं आणि मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात. म्हणून हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ ला मोकळं झालं, तरी हा ग्रंथ एक वर्ष नंतर. अनुवादाचा हक्क वेगळा, अनुवादकाच्या हयातीवर मोजायचा. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती स्कॅन करताना तिची प्रस्तावना आणि टीपा कुणाच्या, तेही पाहावं लागतं.

ही मुदत पूर्वी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. विश्वभारतीकडे ते हक्क होते. अगदी अखेरच्या क्षणी सरकारने आधी अध्यादेश आणि मग १९९२ ची दुरुस्ती आणून सगळ्याच लेखकांची मुदत दहा वर्षांनी वाढवली. एका लेखकासाठी केलेल्या बदलामुळे साने गुरुजींची पुस्तकंही दहा वर्षं उशिरा मोकळी झाली. कायद्यातल्या आकड्यामागे कुणाचा तरी आग्रह असतो, हे लक्षात ठेवून पुढची पुस्तकं वाचली तर ती जास्त उमगतात.

आणि कलम ५२. हक्कधारकाची परवानगी न घेता काय करता येतं, त्याची ही लांबलचक यादी. खाजगी वापर आणि संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, शिकवणं, अपंग व्यक्तींसाठी ब्रेल किंवा ऑडिओ प्रत, असं बरंच काही. ही कायद्यातली माझी सर्वांत आवडती जागा आहे, आणि शिक्षकांनी तर ती पाठच करावी. इथे अमेरिकेपेक्षा मोठा फरक आहे. अमेरिकेच्या कायद्यात कलम १०७ मध्ये चार कसोट्या दिल्या आहेत आणि त्या कोणत्याही नव्या वापराला लावून पाहता येतात. आपल्याकडे यादी आहे. तुमचा वापर यादीतल्या कुठल्यातरी घरात बसावा लागतो. इंग्रजी व्हिडिओंमध्ये सांगतात तसं 'गाण्याचे तीस सेकंद वापरलेले चालतात' असं दोन्हीकडच्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

बेअर ॲक्ट वाचताना कलमाखाली 'परंतु' ने सुरू होणारं परंतुक आणि त्याखालचं स्पष्टीकरण कधीही गाळू नका. कलम एक देतं आणि परंतुक त्यातलं अर्धं काढून घेतं, असं पुष्कळदा होतं. पानाच्या तळाशी असलेल्या बारीक टीपांचंही तेच. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं, तरी त्यानंतरही अनेक वर्षं देशभर पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये हे न्यायालयासमोर आलं तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं, की छापील कायद्यात कलमाचा मजकूर तसाच आहे आणि ते रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत आहे. रद्द झालेल्या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असा स्पष्ट आदेश न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा द्यावा लागला. तळटीप न वाचल्याने माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली.

पायरी ३ : एक निकाल पूर्ण वाचा

निकालपत्र लांब असतं म्हणून घाबरायचं कारण नाही. आधी शेवटचा आदेश वाचा, म्हणजे कोण जिंकलं ते कळेल. मग सुरुवातीची हकिकत, मग वादमुद्दे, आणि सगळ्यात शेवटी मधला युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि त्यातल्या अनेकांचा मराठी अनुवादही तिथे आहे. अनुवाद समजून घ्यायला वापरा, कुठे उद्धृत करायचं असेल तर इंग्रजी मूळ पाहा.

संदर्भक्रमांकाची लिपी पाच मिनिटांत शिकून होते. '(२०१५) ५ एससीसी १' म्हणजे त्या साली निघालेल्या एससीसी (सुप्रीम कोर्ट केसेस) या मालिकेचा पाचवा खंड, पान १. 'एआयआर' म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर. १९१४ पासून चालत आलेली ही मालिका आपल्या नागपूरची. देशभरातले वकील शंभर वर्षांहून अधिक काळ नागपुरात छापलेल्या खंडांचा हवाला देत आले आहेत, हे विदर्भाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पहिला निकाल म्हणून मी दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीचं प्रकरण सुचवेन. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं छोटं दुकान. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या पुस्तकांमधली प्रकरणं एकत्र करून तिथे विद्यार्थ्यांना संच मिळत. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ दोघांवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. विद्यार्थ्यांची आणि शिक्षणतज्ज्ञांची संघटनाही खटल्यात उतरली. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने 'शिकवण्याच्या ओघात' केलेली प्रत उल्लंघन ठरत नाही, आणि शिकवणं फक्त वर्गाच्या चार भिंतींत संपत नाही, असं त्यांनी धरलं. कॉपीराइट हा निसर्गदत्त हक्क नसून कायद्याने ठरवून दिलेला हक्क आहे, हा त्यांच्या विचाराचा पाया. पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत. तेच काम आता यंत्र करतं, म्हणून ते बेकायदा होत नाही, हा त्यांचा मुद्दा मला अतिशय मोलाचा वाटतो. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने मूळ तत्त्व कायम ठेवलं, पण संचातला मजकूर शिकवण्यासाठी खरंच आवश्यक होता का, हे तपासायला प्रकरण परत पाठवलं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

एक निकाल आणि खंडपीठाने त्यात केलेला बदल, दोन्ही लागोपाठ वाचले की न्यायालय कसं विचार करतं ते आतून दिसतं. हा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, तिथे फक्त त्याचं वजन असतं. कोणता निकाल कुणावर बंधनकारक, हे प्रत्येक वेळी वहीत लिहा.

दुसरा निकाल श्रेया सिंघल. २०१२ च्या नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, तेव्हा त्याबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती. त्या घटनेने देश हलला आणि दिल्लीतल्या श्रेया सिंघल या तरुणीने कलम ६६अ ला आव्हान दिलं. २४ मार्च २०१५ चा हा निकाल न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी लिहिलाय. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन टप्प्यांत त्यांनी केलेली विभागणी नीट वाचा. वाचक इथे थांबतात, पण कलम ७९ वरचा भाग सोडू नका. फेसबुक, यूट्यूबसारख्या मध्यस्थांना मजकूर काढण्याची जबाबदारी कधी येते? न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाल्यावर, कुणीही उठून तक्रार केल्यावर नव्हे, असं इथे ठरलं. त्याच धाग्यावर पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा कुणाल कामरा खटला वाचा. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा आहे की खरा, हे सरकारच्याच विभागाने ठरवण्याची तरतूद २०२३ च्या नियमांत होती. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं विभागली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

तिसरा, ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक. न्यायालयाचे निकाल सीडीवर घालून विकणाऱ्यांविरुद्ध एससीसीच्या प्रकाशकांचा हा दावा. निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा, पण संपादकांनी केलेली परिच्छेदांची मांडणी आणि टिपणं यात थोडी का होईना सर्जनशीलता आहे, म्हणून तेवढ्यापुरता हक्क त्यांचा. केवळ घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने यात सांगितलं. शब्दकोश, याद्या, माहितीसाठे तयार करणाऱ्यांनी हा जरूर वाचावा.

पायरी ४ : पहिलं पुस्तक

आता पुस्तक. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांचं 'फ्री कल्चर' (२००४) घ्या. कथा सांगत सांगत कायदा शिकवणारं याच्या तोडीचं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. सुरुवातीलाच नॉर्थ कॅरोलायनातलं कॉझबी नावाचं शेतकरी जोडपं भेटतं. लष्करी विमानं शेतावरून अगदी कमी उंचीने उडायची, कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरायच्या. जमिनीची मालकी वर आकाशापर्यंत असते, हा जुना सिद्धांत विमानांच्या युगात चालणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये सांगितलं. तंत्रज्ञान बदललं की मालकीची कल्पना बदलावी लागते, तर मग कॉपीराइटच्या बाबतीत उलटं का घडतंय, हा लेसिग यांचा प्रश्न.

पुस्तकाचा कणा म्हणजे एल्ड्रेड खटला. अमेरिकेने १९९८ मध्ये मुदत २० वर्षांनी वाढवली. जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट ठेवणाऱ्या एरिक एल्ड्रेड यांच्या बाजूने लेसिग स्वतः सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि जानेवारी २००३ मध्ये ७ विरुद्ध २ अशा मतांनी हरले. आपण कुठे चुकलो, ते त्यांनी मोकळेपणाने लिहिलंय. मुदतवाढ कायम राहिल्यामुळे १९२३ साली प्रसिद्ध झालेलं साहित्य अमेरिकेत १ जानेवारी २०१९ पर्यंत अडकून राहिलं. हे प्रकरण वाचताना टागोरांमुळे झालेली आपली १९९२ ची दुरुस्ती शेजारी ठेवा. तिकडे बलाढ्य कंपन्या मागे होत्या, इकडे राष्ट्रकवीबद्दलचा आदर. परिणाम मात्र वाचकाच्या बाजूने पाहिलं तर सारखाच.

२००४ नंतर यूट्यूब आलं, गाणी ऐकण्याची पद्धत पूर्ण बदलली. म्हणून संगीत डाउनलोड करण्यावरची प्रकरणं इतिहास म्हणून वाचा. १७७४ च्या इंग्लंडमधल्या डोनाल्डसन विरुद्ध बेकेट खटल्याचं प्रकरण मात्र आजही ताजं आहे. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना कायमचा हक्क हवा होता आणि तो मिळाला नाही, म्हणूनच आज 'सार्वजनिक मालकीचं साहित्य' असं काही अस्तित्वात आहे.

इंग्रजी वाचनाची सवय नसेल तर 'बाउंड बाय लॉ?' ही २००६ ची कॉमिक आधी घ्या. माहितीपट बनवणाऱ्या एका तरुणीच्या कॅमेऱ्यात रस्त्यावरचं गाणं, पोस्टर, टीव्ही असं काय काय आपोआप येतं आणि प्रत्येकासाठी परवानगी लागते का, याची ती चित्रकथा आहे. कायदा अमेरिकी, तेव्हा उत्तरं न घेता प्रश्न घ्या आणि प्रत्येक प्रश्नाला आपलं कलम ५२ लावून पाहा. ज्यांना सखोल जायचंय त्यांनी त्यानंतर जेम्स बॉइल यांचं 'द पब्लिक डोमेन' (२००८) वाचावं. इंग्लंडमध्ये गावकीच्या गायरानांना कुंपणं घातली गेली, तशीच आज ज्ञानाच्या गायरानाला घातली जात आहेत, ही त्यांची मांडणी. गायरान म्हणजे काय, हे गावात वाढलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने लढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ही गोष्ट या पुस्तकाच्या सोबतीने आठवावी.

पायरी ५ : कायदा लिहिलेला नसतो तिथेही असतो

लेसिग यांचंच 'कोड' हे पुस्तक १९९९ चं, सुधारित आवृत्ती २००६ ची. तुम्ही सुधारितच घ्या. माणसाच्या वागण्यावर चार गोष्टींचा ताबा असतो, असं ते मांडतात : कायदा, समाजाची रीत, बाजार आणि रचना. इंटरनेटवर रचना म्हणजे सॉफ्टवेअर. कायदा एखादी गोष्ट करू देतो, पण ॲप करू देत नाही, तेव्हा प्रत्यक्षात ॲपचंच चालतं. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलच्या, पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकांच्या प्रती दूरूनच पुसून टाकल्या होत्या. घराच्या कपाटातलं पुस्तक असं कुणी काढून नेऊ शकत नाही.

हे पुस्तक अवघड आहे. सगळं एकदम वाचायचा हट्ट नको. चार गोष्टींचं प्रकरण वाचा, मग आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ उघडा. डिजिटल कुलूप, म्हणजे प्रत काढू न देणारी तांत्रिक सोय, तोडण्याला हे कलम २०१२ पासून शिक्षा देतं, पण हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडलं तरच, आणि कायद्याने मुभा दिलेल्या कामासाठी तोडण्याला त्यात वाट ठेवली आहे. अमेरिकेच्या डिजिटल कुलपांबद्दलच्या १९९८ च्या कायद्यात अशी मोकळी वाट नाही. लेसिग यांची टीका त्या कायद्यावर आहे, आपल्या कलमाला ती जशीच्या तशी चिकटवू नका.

पायरी ६ : भारतीय पुस्तकं, आणि खाजगीपणाचा रस्ता

भारतीय बौद्धिक संपदेचा इतिहास एका जागी हवा असेल तर प्रशांत रेड्डी आणि सुमती चंद्रशेखरन यांचं 'क्रिएट, कॉपी, डिसरप्ट' (२०१७) घ्या. औषधांच्या पेटंटांपासून चित्रपटांच्या गीतकारांच्या मानधनापर्यंत धोरण नेमकं कुणी, कधी आणि का बदललं, हे कळतं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी गौतम भाटिया यांचं 'ऑफेंड, शॉक, ऑर डिस्टर्ब' (२०१६) आहे. श्रेया सिंघल निकाल वाचून झाल्यावरच ते उघडा, तर त्याची खरी ताकद कळेल.

खाजगीपणाचा विषय महाराष्ट्रातून सुरू होतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. त्याच आधारला निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आव्हान दिलं आणि त्यातून २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल आला : खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकाल ५४७ पानांचा आहे. नव्या वाचकाने शेवटचा एकमताचा आदेश वाचावा आणि मग आपल्या नागपूरच्या न्यायमूर्ती शरद बोबडे यांचं स्वतंत्र मत, जे तुलनेने छोटं आणि स्वच्छ आहे. मुख्य मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. आणीबाणीत नागरिकांच्या हक्कांविरुद्ध गेलेल्या ज्या निकालात त्यांचे वडील सहभागी होते, तो निकाल मुलाने याच मतात चुकीचा ठरवला. त्या परिच्छेदांसाठी तरी ते पान शोधाच.

यानंतर राहुल मत्तन यांचं 'प्रायव्हसी ३.०' (२०१८). फक्त 'मी सहमत आहे' या बटणावर भिस्त ठेवून लोकांचं रक्षण होणार नाही, माहिती गोळा करणाऱ्यावर उत्तरदायित्व टाका, असं ते म्हणतात. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा शेजारी ठेवून पाहा, त्यात संमतीला केवढी जागा आहे आणि सरकारला किती सवलती आहेत. आधारबद्दल मात्र एकाच बाजूचं पुस्तक वाचून थांबू नका. नंदन नीलेकणी आणि विरल शाह यांचं 'रीबूटिंग इंडिया' (२०१५) आणि रितिका खेरा यांनी संपादित केलेलं 'डिसेंट ऑन आधार' (२०१९) ही दोन्ही पाठोपाठ वाचा. रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्राबद्दल दोन्ही पुस्तकं काय सांगतात, ते ताडून पाहा आणि मग आपल्या गावच्या दुकानदाराशी बोला.

पुस्तकं मिळवायची कुठून

'फ्री कल्चर', 'कोड'ची सुधारित आवृत्ती, 'द पब्लिक डोमेन' आणि 'बाउंड बाय लॉ?' या चारही पुस्तकांच्या पीडीएफ लेखकांनीच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापरू देऊन, मोफत ठेवल्या आहेत. लेखकांच्या नावाने शोधा, अधिकृत पानावरूनच उतरवून घ्या. परवान्यातली अक्षरं समजून घ्या : 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी वापरू नका, 'एसए' म्हणजे तुम्ही काही नवं केलंत तर तेही याच परवान्याखाली द्या, आणि 'एनडी' म्हणजे बदल करू नका. अनुवाद हा बदलच, म्हणून 'एनडी' असलेल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. वरच्या चारही पुस्तकांवर 'एनडी' नाही. अटी पाळून यातल्या एखाद्याचा मराठी अनुवाद आज कुणीही करू शकतं, आणि तो व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

भारतीय पुस्तकं विकतच घ्यावी लागतात आणि काही महाग आहेत. जिल्ह्याच्या विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौकशी करा. बाहेरच्या वाचकाला तिथे बसून वाचायची परवानगी अनेकदा मिळते. ग्रंथालयाला पुस्तक मागवायची लेखी विनंती करता येते, ती करा.

पायरी ७ : एका चालू प्रश्नावर हात बसवा

एवढं झाल्यावर एक असा प्रश्न घ्या ज्याचं तयार उत्तर पुस्तकात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी मराठी लेखकांची पुस्तकं परवानगीशिवाय वापरता येतात का? एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो याच प्रश्नावर.

वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने करा. डावीकडे भारत : कलम १४ मधलं 'इलेक्ट्रॉनिक साधनाने साठवणे', कलम ५२ मधला खाजगी वापर आणि संशोधन, त्याच कलमातली तांत्रिक प्रक्रियेतली क्षणिक साठवण, आणि मोडक निकालातली सर्जनशीलतेची कसोटी. उजवीकडे अमेरिका : कलम १०७ च्या चार कसोट्या आणि २०१५ चा गुगल बुक्सचा निकाल, ज्यात लाखो पुस्तकं स्कॅन करून शोधता येण्याजोगी करणं योग्य वापर मानलं गेलं. प्रत्येक ओळीपुढे साल लिहा. मग बातम्या वाचा. बातमीत एखादं वाक्य आलं, की ते डाव्या रकान्यातलं आहे की उजव्या, ते ठरवा आणि त्या ओळीखाली नोंदवा. एखाद्या ओळीखाली काहीच नोंद होत नसेल, तर त्या मुद्द्यावरचा निकाल किंवा पुस्तक पुढच्या महिन्यात वाचायला घ्या.